दुसऱ्याचा पहारा

सज्जनहो, काल्याचे कीर्तन आटोपले, पंगती उठल्या, म्हणजे माळ घालून घ्यावयास आलेली मंडळी पुढे सरकतात. त्यांत एखादा असा असतो की तो आलेला नसतो, त्याला आणलेला असतो. तो मान खाली घालून उभा, आणि त्याच्या दोन पावले मागे त्याची बायको, नाही तर म्हातारी आई. ती हळूच म्हणते, "महाराज, ह्यांना पांडुरंगाची आण घाला. आता सगळं तुमच्याच हातात आहे." आम्ही आण घालतो, माळ घालतो, बुक्का लावतो. तो रडतो, ती रडते, आमचेही डोळे भरून येतात. चार-सहा महिन्यांनी ती माळ घरच्या खुंटीवर लटकलेली असते, आणि पुढल्या सप्ताहाला ती बाई पुन्हा दोन पावले मागे उभी असते.

दारू वाईट, हे आम्ही कीर्तनकारांनी पुष्कळ सांगितले. पिणारास ते आमच्याहून अधिक पाठ असते. रात्री पिऊन आला की तो तेच निरूपण घरच्यांना ऐकवतो! म्हणून आज त्याच्याविषयी थोडे, आणि मागे जी उभी असते तिच्याविषयी अधिक बोलावे असे मनात आहे. हे बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की ह्या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो, आणि एका माऊलीने आमची चूक आमच्या पदरात घातली.

आमच्या दिंडीत एक मृदंगी होता. नाव कशाला सांगावे? मृदंगीच म्हणू. हात असा की थाप पडली की टाळकऱ्यांचे पाय आपोआप उचलावे. साखर कारखान्यात नोकरी, घरी बायको, आई, एक मुलगी, एक मुलगा. प्यायला कसा लागला ते विचारू नका. जसे सगळे लागतात तसाच. आधी गळिताचा हंगाम संपल्यावर, मग पगाराच्या दिवशी, मग रोज, मग सकाळी उठल्याबरोबर हात थरथरू नये म्हणून.

आता त्याचे घर पाहा. तो रात्री पडून राहिला की सकाळी त्याची बायको कारखान्यात फोन करी, "ताप आलाय, आज येत नाहीत." गुत्त्याची उधारी ती फेडी. फेडता फेडता डोरले गहाण गेले, मग मुलीच्या कानांतले गेले. त्याने ओकलेले ती पहाटे, शेजारपाजार उठण्याआधी, धुऊन काढी. बाटली सापडली की मोरीत ओती, आणि नाही सापडली की दिवसभर शोधीत बसे. पिठाच्या डब्यात, सरपणात, मृदंगाच्या गवसणीतसुद्धा. रात्री फटफटीचा आवाज लांबून आला की तिला कळे आज किती झाली आहे. गाडी कशी वळली, गियर कसा पडला, ह्यावरून! तिनेच पुढे आम्हांस सांगितले, "महाराज, जप करताना माझं चित्त कधी इतकं एकाग्र झालं नाही, जितकं त्या गाडीच्या आवाजावर व्हायचं."

ह्या वाक्यावर आम्ही फार दिवस विचार केला. व्यसन कशाला म्हणावे? ज्याच्यावाचून चैन पडत नाही, जे दिवसरात्र चित्तात राहते, जे लपवावे लागते, ज्यापायी आपली तहानभूक, आपले आप्त, आपला देव मागे पडतो, ते व्यसन. तर मग त्या घरात व्यसनी किती होते? त्याच्या चित्तात दारू, आणि तिच्या चित्तात तो. तो दारूवाचून राहू शकत नव्हता, आणि ती त्याला सांभाळल्यावाचून राहू शकत नव्हती. इंग्रजीत ह्या दुसऱ्या दुखण्याला कोडिपेंडन्सी असा शब्द आहे. आमच्या दिंडीतल्या एका आजीने तो न ऐकताच अधिक चांगला अर्थ केला. ती म्हणाली, "पितो एकजण अन् झिंग समद्या घराला."

मुलांनाही ती चढते. मृदंग्याची मुलगी दहा वर्षांची असताना बापाला गुत्त्यावरून हात धरून आणी. भावाला जेवू घाली, आजीला समजावी, आईला म्हणे, तू रडू नकोस. गावात सगळे म्हणत, किती गुणाची पोर! आम्हीही म्हटले. दहा वर्षांचे लेकरू चाळिशीच्या बाईसारखे वागते ह्यात गुण कसला पाहायचा, हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही. शाळेत कोणी विचारले तर ती सांगे, "बाबा वारीला गेलेत." वारीचे नाव तिने पांघरूण म्हणून वापरले, आणि ते पांघरूण विणण्यात आमचाही हात होता. तेच आता सांगावयाचे आहे.

कीर्तनाला मृदंगी आला नाही की आम्ही श्रोत्यांस सांगत असू, "त्यांची प्रकृती बरी नाही." तोंडाला वास येत असताना आम्ही त्याला दिंडीच्या ट्रकमध्ये निजवून ठेवले आहे आणि चोपदाराला दुसरेच काही सांगितले आहे. बिदागी आगाऊ मागितली, दिली. आम्ही समजत होतो की ही आमची करुणा. आज प्रामाणिकपणे पाहतो तेव्हा दिसते की त्याच्या थापेवाचून आमचे कीर्तन रंगत नसे. आम्हांस त्याचा हात हवा होता. माणूस बुडत होता आणि आम्ही त्याचा हात तेवढा पाण्याबाहेर धरून ठेवला होता, मृदंग वाजवण्यापुरता.

ह्या ठिकाणी महाभारतातील द्यूताचा प्रसंग मनात येतो. सभापर्व आपण अनेकदा ऐकले आहे, पण बहुधा दुःशासनाकडे बोट दाखवून. आज पांडवांच्या घराकडे पाहा. धर्मराज थोर, सत्यवचनी, ह्यात शंका नाही. पण फासे हाती आले की थांबणे नाही. धन गेले, राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, शेवटी द्रौपदी लावली. चार भाऊ बसून आहेत. भीमाला असह्य होऊन तो सहदेवाला म्हणतो, अग्नी आण, ह्यांचे हात जाळतो. अर्जुन त्याला आवरतो, थोरल्या भावाचा असा अपमान करू नये, शत्रूंना तेच हवे आहे. पाहा, अब्रूचा प्रश्न आला! आपल्याही घरात असेच असते. एक भीमासारखा संतापतो, एक अर्जुनासारखा झाकतो, बाकीचे खाली पाहतात. एकट्या द्रौपदीने प्रश्न विचारला. तिने शिव्या दिल्या नाहीत. विचारले, जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? त्या भरल्या सभेत तिला नीट उत्तर मिळाले नाही.

आणि पुढचा भाग आपण घाईने सांगून टाकतो. धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले. तिने पतींची सुटका मागितली, तिसरा वर नाकारला. तरी धृतराष्ट्राने राज्य, धन, सगळे परत दिले. झाले गेले जणू झालेच नाही! मग काय झाले? पांडव वाटेत आहेत तोच दुसऱ्या डावाचे बोलावणे आले, आणि धर्मराज परत फिरला. थोरांची आज्ञा मोडवेना म्हणून गेला असे व्यास सांगतात. पण ह्यात नाश आहे हे त्याला ठाऊक होते, असेही तेच सांगतात. सर्वस्व हरल्याचा चटका बसण्याआधी ते सर्वस्व कोणी तरी आणून हातात ठेवले, म्हणजे माणूस पुन्हा डावाला बसतो. पुढे बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास झाला, तो दुसऱ्या डावाचा.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा मोबाइलवर पैशाची रमी खेळे. बापाने एकदा कर्ज फेडले, दोनदा फेडले, तिसऱ्यांदा विहिरीकडचे अर्धे एकर विकून फेडले. "पोरगं जिवाचं काही करून घेईल," ही भीती. भीती खोटी नव्हे. अशा वेळी पोराला एकटे सोडू नये, त्याच्याजवळ बसावे, मनाच्या डॉक्टरकडे न्यावे. पण कर्ज फेडणे हा त्या भीतीवर उपाय नव्हता. असले खेळ २०२५ साली केंद्र सरकारने कायद्याने बंद केले. अर्धे एकर मात्र गेले ते गेलेच.

आता कोणी म्हणेल, मग काय महाराज, आपल्या माणसाला रस्त्यावर टाकायचे? सेवा हा धर्म नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि आम्हीही त्या माऊलीला हीच शंका घालून अडवले होते. पण त्याआधी आमची आणखी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती जिवावर बेतली असती.

२०१७ सालच्या चैत्रात आम्ही ठरवले की मृदंग्याला सक्तीने सोडवायचे. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत त्याला कोंडले. तीन दिवस नामस्मरण, दूध, भाकरी, आणि बाहेरून कडी. दुसऱ्या रात्री त्याचे सर्वांग कापू लागले, घामाने अंथरूण भिजले. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो हाताने झाडू लागला, नसलेल्या माणसांशी बोलू लागला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, लिंबू आणा. लिंबू आणेपर्यंत त्याला झटका आला, डोळे फिरले. एका पोराने १०८ ला फोन लावला म्हणून तो वाचला. तालुक्याच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर आमच्या पांढऱ्या फेट्याकडे पाहून थोडे थांबले, आणि मग रागावले. म्हणाले, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूला जुळलेले असते. ती एकाएकी तोडली तर दिवसा-दोन दिवसांत झटके येतात, पुढे भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. त्यावर औषधे आहेत, सुया आहेत. म्हणून सोडवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. भूत नाही, बाधा नाही. आम्ही हात जोडून ऐकून घेतले.

त्याच वेळी कळले की ती बाई कोणाकडून तरी आणलेली गोळी त्याच्या चहात चोरून घालीत असे. अशी एक गोळी खरोखरच असते. ती पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होते, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. डॉक्टर ती रोग्याला सांगून, त्याची संमती घेऊन देतात. न सांगता दिली तर जीव जाऊ शकतो. नवरा वाचावा म्हणून ती त्याला काय देत होती हे ऐकल्यावर ती तिथेच खाली बसली.

दवाखान्यातूनच तिला व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या बैठकीचा पत्ता मिळाला. ह्या बैठकींची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९३५ साली अमेरिकेत, ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी, दारूने होरपळलेले दोन गृहस्थ भेटले. एक शेअरबाजारातला, एक शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. एकमेकांशी बोलत राहिले तर पिणे टळते, एवढ्या अनुभवातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. त्यांतल्या पहिल्याची पत्नी लोइस. तिने वर्षानुवर्षे नवऱ्याला वाचवण्यात आयुष्य घातले होते. त्याची दारू सुटली. आता तिने आनंदात असावे की नाही? पण एके दिवशी तो बैठकीला चल म्हणाला, आणि तिने संतापून पायातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला! मग ती स्वतःलाच विचारू लागली, हा राग कुठला? तेव्हा उमगले की ज्याला सांभाळण्यात तिचे सगळे 'मी'पण गुंतले होते, तो आता तिच्यावाचून बरा झाला होता. १९५१ साली तिने एका मैत्रिणीसह घरच्या माणसांची वेगळी मंडळी काढली, ती अल-अ‍ॅनॉन. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा (अनिता) अवचट व डॉ. अनिल अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले. तेथेही पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांना बोलते करणे हा उपचाराचाच भाग मानला गेला.

त्या बैठकीत ह्या बाईला शिकवले ते थोडकेच होते: त्याचे पिणे तू घडवले नाहीस, तू ते आवरू शकत नाहीस, तू ते बरे करू शकत नाहीस. ऐकून आम्ही चपापलो. कारण हे तर आपलेच! 'मी करतो' हे कर्तेपण सोडावे असे आपण जन्मभर सांगत आलो. पण कर्तेपण म्हणजे धनाचे, विद्येचे, मानाचे, एवढेच आम्ही धरले. सेवेतही कर्तेपण दडून बसते. 'मी आहे म्हणून हा जगतो,' 'मी नसते तर ह्याचे काय झाले असते,' हाही अहंकारच. अश्रूंनी धुतलेला असल्यामुळे तो ओळखू येत नाही. त्यात त्या बायांना दोष नाही. दोष असला तर आमचा, ज्यांनी त्यांना सोसण्याचेच कौतुक ऐकवले.

ती घरी आली आणि तिने कारखान्यात फोन करणे बंद केले. उधारीवाल्याला सांगितले, ज्याने घेतली त्याला माग. बाटली शोधीना. तो अंगणात पडला तर त्याला कुशीवर वळवी, कारण उताणा पडून ओकला तर श्वास कोंडतो. अंगावर घोंगडी टाकी. पण ओढून आत नेत नसे, आणि सकाळी ओकलेले त्याच्याच डोळ्यांना दिसू देई. जेवण वाढी. टाकून बोलणे सोडले. त्याने हात उचलला त्या रात्री मात्र मुलांना घेऊन भावाकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लिहून दिले. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ सालचा कायदा आहे; मार सोसणे हा कोणत्याही संप्रदायाचा आचार नव्हे, हे आम्ही येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

गाव काय म्हणाले असेल ते सांगावयास नको. दगडाच्या काळजाची, सासूला पाहवत नाही, नवऱ्याचे हसे करते. कारखान्यातून नोटीस आली तेव्हा सासू आमच्याकडे रडत आली. आम्ही त्या बाईला बोलावून घेतले आणि आमच्या नेहमीच्या गंभीर आवाजात म्हणालो, "माऊली, संसार मोडशील. बाईच्या जातीनं थोडं धरून घ्यावं."

ती शांतपणे म्हणाली, "महाराज, सप्ताहात विण्याचा पहारा असतो. दोन तास झाले की दुसरा उभा राहतो, तो आला नाही तर तुम्ही त्याला हाक मारता. चौदा वर्षं मी ह्यांचा पहारा ह्यांना हाक न मारता देत आले. विणा माझ्याच गळ्यात. माझा पहारा कुणी दिला? पोरं कुणी पाहिली?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. सभेतल्या थोरांसारखे आम्ही खाली पाहत बसलो. तिने नमस्कार केला आणि गेली.

नोकरी सुटायची वेळ आली, फोन करणारे कोणी उरले नाही, आणि आमच्याकडून आगाऊ बिदागी मिळेना (तेवढे आम्ही शिकलो), तेव्हा २०१८ च्या दिवाळीनंतर मृदंगी आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. त्याला कोणी आणले नाही, आण घातली नाही. दीड वर्ष बरे गेले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत बंद असलेली दुकाने उघडली, त्या रांगेत तो उभा राहिला. तिने त्याला ओढून आणले नाही. केंद्राचा फोन नंबर चुलीवरच्या फळीवर ठेवला आणि स्वतः मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरावयास गेली. तेराव्या दिवशी त्याने नंबर लावला. तेव्हापासून घेतलेली नाही. पुढचे पांडुरंग जाणे.

ही हकिगत ऐकून कोणी असे धरू नये की बायकोने हात काढून घेतला की नवरा सुधारतोच. आमच्याच पंचक्रोशीत एका बाईने हेच सगळे केले. तिचा नवरा पीतच वारला. पण तिची पोरे शिकली, ती स्वतः रात्रीची झोपू लागली, आणि आपण त्याला मारले असे ती म्हणत नाही. मृदंग्याची बायकोही तो बरा झाल्यावर बरी झाली नाही. ती आधी झाली.

आमच्या दिंडीत आम्ही आता एवढे केले आहे की पिणाऱ्यास आण घालीत नाही. तो आला तर आधी डॉक्टर, मग माळ. मागे उभी असते तिला मात्र पुढे बोलावतो आणि विचारतो, माऊली, तुम्ही जेवलात का, तुमची झोप होते का, मुले काय करतात? पुष्कळ जणींना ह्याचे उत्तर चटकन देता येत नाही. मृदंग्याच्या बायकोला पहिल्यांदा आवडती भाजी विचारली, तेव्हा तिने नवऱ्याची सांगितली होती.

२०२२ साली, दोन वर्षे खंड पडून वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा ती पहिल्यांदा आमच्याबरोबर चालली. डोक्यावर तुळस घेऊन, पाय सुजलेले, तरी मागे राहीना. मृदंगी घरी मुलांपाशी होता. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण झाले, तरडगावला मुक्काम पडला, भिशीची पंगत उठली. रात्री राहुटीत बायका आडव्या झाल्या होत्या. रस्त्यावरून एक फटफटी आली, वळणावर गियर पडला. आमच्या घरच्या मंडळी शेजारीच होत्या. त्यांनी नंतर सांगितले. तिने झोपेतच मान उचलली, कान दिला. मग विचारले, "कोणाची गाडी?"

"दूधवाल्याची असंल," कोणी तरी म्हणाले.

"हं," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.